काम तयार आहे, पण लोकांपुढे ठेवायचा धीर होत नाही: नेमकं काय करायचं?

तिसरा_मसुदा (धागाकर्ता)

कविता असो, कोड असो, चित्र असो की चाल, हा प्रश्न सगळीकडे सारखा येतो आणि उत्तरही ठरलेलं: "बिनधास्त टाका हो, कोण काय म्हणतंय!" असा धीर पान बंद करेपर्यंत टिकतो. म्हणून हा वेगळा धागा. इथे पाठीवर थाप नको, कृती लिहा. काय करायचं, किती करायचं आणि कुठे फसतं.

सुरुवात मी करतो.

भीती गेली की टाकू, हा क्रमच उलटा आहे. 'प्रकाशित करा' या बटणापर्यंत जायचं, धडधड वाढली की खिडकी बंद करायची. बंद केल्यावर जे हायसं वाटतं ना, तेच भीतीला खतपाणी घालतं. टाळल्याचं बक्षीस लगेच मिळतं, त्यामुळे पुढच्या वेळी धडधड बटणाच्या बऱ्याच आधी सुरू होते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात.

"अजून एकदा हात फिरवतो" हेही बऱ्याचदा टाळणंच असतं, फक्त इस्त्रीच्या कपड्यातलं. ओळखायचं कसं? शेवटच्या तीन फेऱ्यांत काय काय बदललं ते कागदावर लिहा. अर्थ, रचना किंवा चालणं बदललं असेल तर काम खरंच चालू आहे. स्वल्पविराम काढून पुन्हा तिथेच घातला असेल तर काम संपलेलं आहे.

उपाय जुना आहे. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली भीतीची उतरंड मांडली, ती इथे जशीच्या तशी चालते. आठ-दहा पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा टाका. एका विश्वासू माणसाला फाईल पाठवणं २५, अनोळखी दहा जणांच्या बंद गटात ठेवणं ५०, स्वतःच्या नावाने सगळ्यांना दिसेल असं टाकणं ८५, असं काहीतरी. सुरुवात ३०-४० च्या पायरीवरून करा. १० पासून केलीत तर शिकण्यासारखं काही घडत नाही आणि ८५ वर उडी मारलीत तर बहुतेक वेळा पोस्ट तासाभरात उडवली जाते.

मात्र नुसतं चढून भागत नाही. पायरी घेण्याआधी भाकीत लिहायचं, तपासता येईल असं: "४८ तासांत किमान तीन जण चुका काढतील, खात्री ८० टक्के." मग ४८ तासांनी वही उघडून काय झालं ते त्याच्या शेजारी लिहायचं. "लोक हसतील" हे भाकीत नव्हे, ते तपासायचं कसं? भीती ओसरते ती बहुतांशी भाकीत आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकामुळे. नोंद नसेल तर मेंदू सोयीस्कर विसरतो आणि पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न.

---

चिकित्सक

चांगला धागा. एक भर घालतो, कारण नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

पायरी चढताना लोक सोबत कुबड्या नेतात. "सहज पाच मिनिटांत केलंय", "जमलंय की नाही माहीत नाही", मध्यरात्री कोणी जागं नसताना टाकणं, प्रतिसादाची सोय बंद ठेवणं, तासाभरात काढून टाकणं. वाईट काही घडलं नाही तर श्रेय कुबडीला जातं: "पाच मिनिटांत केलंय म्हटलं म्हणून वाचलो." भीतीचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून पायऱ्यांच्या यादीशेजारी कुबड्यांची यादी करा आणि दर पायरीला एक टाकून द्या. सगळ्या एकदम नको.

दुसरं, लोकांचं लक्ष. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. जवळजवळ निम्म्या लोकांच्या लक्षात येईल असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात आलं सुमारे पाव लोकांच्या. तुमच्या चित्रातला वाकडा अंगठा तुम्हाला जेवढा दिसतो तेवढा इतरांना दिसत नाही, त्याचं मूळ हेच.

आणि एक स्पष्ट लिहितो. हीच भीती बैठकीत बोलणं, फोन उचलणं, चारचौघांत खाणं अशा ठिकाणीही असेल, सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल आणि त्यापायी कामं अडत असतील, तर धाग्यांवर अवलंबून राहू नका. ती सामाजिक चिंता असू शकते. तिच्यावर संज्ञानात्मक वर्तन उपचार (सीबीटी, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे) चांगले लागू पडतात आणि ते प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावेत.

---

नवखी

वाचनखूण साठवली. पण "सहज केलंय" लिहायचं नाही तर काय लिहायचं? काहीच न लिहिता टाकलं तर उद्धट वाटत नाही का?

---

सातवी_ओळ

@नवखी, माफी आणि मर्यादा यांत फरक करा. "फार काही खास नाही" ही माफी झाली, तिच्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. "फक्त अमुक प्रणालीवर चालतं, छपाईचा भाग अजून केलेला नाही" ही मर्यादा, ती कामाची.

२५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या आपल्या संगणक प्रणालीची पहिली जाहीर वाच्यता केली तो संदेश बघा. छंद म्हणून करतोय, मोठं काही होणार नाही, असं त्यातही आहे. चिकित्सक त्याला कुबडी म्हणतील आणि ती आहेच. पण त्याच संदेशात बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० हे प्रोग्राम तिच्यावर चालवून झाल्याचं आहे, दुसऱ्या यंत्रणांवर हे नेता येणार नाही असंही आहे, आणि मिनिक्स या आधीच्या प्रणालीत लोकांना काय आवडतं, काय नाही, हा थेट प्रश्न आहे. उत्तरं आली ती या तपशिलामुळे.

कोड टाकणाऱ्यांसाठी क्रम देतो. इथली निम्मी भीती अगदी खरी असते, ती काम करून घालवायची असते.

सगळ्यात आधी गुपितं. पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त चावी), असली गुपितं ठेवलेली '.env' फाईल. आत्ताच्या फाईलींत शोधून पुरत नाही, गिटचा (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारी प्रणाली) अख्खा इतिहास धुंडाळा. की एकदा कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) गेली की पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, जुन्या नोंदीत ती राहते. आधी की रद्द करून नवी घ्या, मग इतिहास साफ करा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या वेळात जुनी की चालूच असते.

मग रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची फाईल. चार गोष्टी: हे काय करतं, कसं बसवायचं, चालवायची एक आज्ञा आणि तिचं अपेक्षित उत्तर, काय चालत नाही. रिकाम्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवरच्या वेगळ्या, कोऱ्या कप्प्यात) स्वतःच्याच रीडमीप्रमाणे बसवून बघा. "चालत नाही" या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात, कारण राहून गेलेली पायरी लिहिणाऱ्याच्या मशीनवर आधीच झालेली असते.

परवाना विसरू नका. परवाना नसलेला कोड दिसतो, पण दुसऱ्याला तो कायद्याने वापरता येत नाही. ठरत नसेल तर एमआयटी हा मोकळा परवाना घ्या आणि पुढे सरका. आवृत्तीचा आकडा ०.१.० ठेवा. सिमॅंटिक व्हर्जनिंग या आवृत्तीला आकडे देण्याच्या पद्धतीत शून्याने सुरू होणारी आवृत्ती म्हणजे यात काहीही बदलू शकतं, असा जाहीर संकेत. वेगळी माफी मागायची गरजच उरत नाही.

---

रेघोटी

चित्रांच्या बाबतीत "चोरतील" ही भीती "हसतील" पेक्षा मोठी असते. तीही निराधार नाही, पण आवाक्यातली आहे.

मूळ फाईल कधीच टाकू नका. लांब बाजू १५०० पिक्सेल, रंग एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत), जेपीईजी. १५०० पिक्सेल ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापले तर जेमतेम ५ इंच होतात. पडद्यावर छान दिसतं, पण भिंतीवरचं मोठं चित्र त्यातून चांगलं निघत नाही. रंग एसआरजीबीत बदलले नाहीत तर तुमच्याकडे झगझगीत दिसणारा लाल दुसऱ्याच्या पडद्यावर मरगळलेला दिसू शकतो, आणि मग तुम्ही उगाच स्वतःच्या रंगज्ञानाला दोष देत बसता.

कागदावरच्या चित्राचा फोनने फोटो काढला असेल तर फाईलीत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. निर्यात करताना मेटाडेटा काढायचा पर्याय असतो, तो लावा.

कोपऱ्यातली सही कापता येते, मधोमध ठोकलेला शिक्का चित्राचाच जीव घेतो. सही आकृतीच्या आत, रेषांच्या जवळ घ्या. थरांसकटची फाईल आणि कच्ची रेखाटनं तारखेनिशी जपून ठेवा. वाद झाला तर तीच कामी येतात. बर्न करारानुसार (१८८६) सदस्य देशांत प्रताधिकार काम निर्माण झाल्याक्षणी मिळतो, नोंदणीची अट नाही. मात्र तो अभिव्यक्तीला असतो, कल्पनेला नाही. "माझी कल्पना उचलली" यावर कायदा फारसं काही करत नाही.

---

अर्धविराम

लेखनाबद्दल दोन गोष्टी, पहिली इशाऱ्याची.

कथा-कविता स्पर्धेला किंवा नियतकालिकाला द्यायची असेल तर ती आधी सार्वजनिक टाकू नका. "पूर्वप्रकाशित नसावी" या अटीत बऱ्याच ठिकाणी आंतरजालावर टाकलेलंही धरतात. बंद गटात वाचायला देणं सहसा चालतं, पण नियम वाचूनच. (शोध लावणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू. पेटंटचा अर्ज करण्याआधी जाहीर वाच्यता केली की अनेक देशांत नावीन्याची अटच मोडते.) थोडक्यात, हातात एकच काम असेल आणि ते कुठे पाठवायचं असेल तर उतरंडीसाठी दुसरं काम घ्या.

दुसरी गोष्ट, पहिला वाचक. घरचे आणि जिवलग मित्र या पायरीला कुचकामी. ते वाचत नाहीत, तुमच्याकडे बघतात. त्यांचं "मस्त!" तुम्हाला पटत नाही आणि "ठीक आहे" महिनाभर टोचतं. त्या प्रकारचं नेहमी वाचणारे, पण तुमच्याशी रोजचा संबंध नसलेले दोन-तीन जण बघा.

त्यांना "कसं वाटलं?" विचारू नका. या प्रश्नाला सभ्य माणूस एकच उत्तर देतो. हे विचारा: कुठे लक्ष उडालं, तिथे समासात रेघ मारा. कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं? वाचून झाल्यावर, कागद न बघता, गोष्ट दोन वाक्यांत सांगा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनातल्या गोष्टीशी जुळलं नाही की नेमकं काय निसटलं ते कळतं, आणि त्यात चांगलं-वाईट असा निवाडा कुठेच येत नाही. हजार ते दोन हजार शब्द द्या, मुदत एक आठवडा. अख्खी कादंबरी दिली की ती "वाचतोय" अवस्थेत वर्षभर पडून राहते.

भीतीचा प्रश्न टोपणनावानेही बराच सुटतो, हे कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

---

चिकित्सक

लिहिलं नाही कारण टोपणनाव ही सगळ्यात मोठी कुबडी! शाबासकी मिळते ती त्या नावाला. खऱ्या नावाची भीती जिथल्या तिथे.

---

अर्धविराम

सरसकट असं नाही म्हणता येणार. चिं. त्र्यं. खानोलकर कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहीत आणि कविता 'आरती प्रभू' या नावाने. ते लपणं नव्हतं, दोन वेगळ्या कामांना दोन दारं होती. नोकरीच्या करारात बाहेर लिहायला बंदी असेल, किंवा कोणी पाठलाग करत असेल, तर टोपणनाव ही गरज आहे. तिथे खऱ्या नावाचा आग्रह धरणं बेजबाबदारपणाचं.

---

चिकित्सक

मान्य, धोका खरा असेल तिथे प्रश्नच नाही. मग कसोटी अशी ठेवू: नाव उघड झालं तर नेमकं काय नुकसान होईल ते एका वाक्यात लिहा. नोकरी, सुरक्षितता, कुटुंबाची गोपनीयता असं ठोस काही आलं तर टोपणनाव कायम ठेवा. "ओळखीचे लोक बघतील" एवढंच आलं तर ती उतरंडीतली एक पायरी समजा आणि पुढची पायरी आधीच लिहून ठेवा.

---

रेघोटी

+१. आणि टोपणनाव घेतलंत तर ईमेल, प्रोफाइलचा फोटो, फाईलच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नाव, सगळं वेगळं करा. अर्धवट टोपणनाव म्हणजे आज उघड होतंय की उद्या, ही धास्ती वर फुकट.

---

कोमल_निषाद

गाणं-वाजवणं आणि निवेदनवाल्यांसाठी.

स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकून अंगावर काटा येतो, त्यावरून गाणं वाईट आहे असं ठरवू नका. बोलताना-गाताना आपल्याला आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, हाडांतून खर्जाकडचा भाग जास्त पोचतो. मुद्रणात तो नसतो म्हणून आवाज पातळ, परका वाटतो. इतरांना तुमचा आवाज कायम तसाच ऐकू आलेला आहे. सवयीसाठी रोज दोन मिनिटांचा तुकडा मुद्रित करून लगेच ऐका आणि फक्त एकच गोष्ट तपासा: आज लय, उद्या सूर, परवा उच्चार. सगळं एकदम ऐकलं की नुसती किळस उरते.

टाकण्याआधी पातळी बघा. स्ट्रीमिंगसाठी सरासरी −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास, शिखर −१ डेसिबलच्या खाली. आवाज फार बारीक असेल तर लोक दहा सेकंदांत निघून जातात आणि तुम्हाला वाटतं गाणं आवडलं नाही. हेडफोनवर ऐकून झाल्यावर फोनच्या स्पीकरवरही ऐका, बरेच श्रोते तिथेच ऐकणार आहेत.

प्रत्यक्ष कार्यक्रम असेल तर धडधड शांत करण्याच्या नादी लागू नका. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं, आणि "मी अस्वस्थ आहे" म्हणून गायलेल्यांपेक्षा उत्साहवाले जास्त सुरात गायले. धडधड दोन्हीकडे तीच, फक्त नाव बदलायचं. चढलेली धडधड एकदम उतरवण्यापेक्षा ते सोपं.

---

नवखी

खूप आभार सगळ्यांचे. दोन प्रश्न. कुजकट प्रतिसाद आला तर? आणि कोणी काहीच बोललं नाही तर? मला तरी दुसऱ्याचीच भीती जास्त वाटते.

---

तिसरा_मसुदा

पहिलं सोपं आहे. प्रतिसाद तीन ढिगांत वाटा. नेमकी जागा दाखवणारे ("तिसऱ्या कडव्यात छंद तुटतो"), आवडनिवड सांगणारे ("मुक्तछंद आवडत नाही") आणि निव्वळ शेरे ("काय हे!"). पहिल्या ढिगाला २४ तासांनी, तेही एका ओळीत उत्तर: "धन्यवाद, तिसरं कडवं पुन्हा बघतो." समर्थन नको. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की, मात्र त्यांनी सुचवलेली दुरुस्ती घेतलीच पाहिजे असं नाही. दुसऱ्या ढिगाला नुसतं धन्यवाद. तिसऱ्याला काहीच नाही, आणि शिवीगाळ असेल तर सरळ तक्रार करून अवरोध. दहा चांगल्यांत एक वाईट तेवढा लक्षात राहतो, म्हणून चांगले प्रतिसादही शब्दशः उतरवून ठेवा.

शांततेचं खरं दुखणं असं की ती निकालासारखी वाटते, पण बहुतेकदा ती फक्त पोच नसते. निष्कर्ष काढण्याआधी तपासा: किती जणांनी पान उघडलं? वीस जणांनी उघडलं आणि प्रतिसाद शून्य, यातून कामाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वाचनमात्र लोक सगळीकडेच जास्त असतात. उघडणारेच कमी असतील तर शीर्षक, पहिल्या दोन ओळी आणि जागा बदला, काम नको. बऱ्याच जणांनी उघडलं तरी सामसूम असेल तर बहुधा त्यांना बोलायला काही धरच दिलेला नाही. शेवटी एकच नेमका प्रश्न टाका. "अभिप्राय कळवा" हा प्रश्न नव्हे. "शेवट दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू आला का?" याला अनोळखी माणूसही उत्तर देतो.

दर पाच मिनिटांनी पान ताजं करणं बंद. सूचना बंद ठेवा, दिवसातून दोन ठरलेल्या वेळी बघा. टाकल्यावर पहिली पंधरा मिनिटं फक्त टंकनदोषांसाठी, त्यानंतर आठवडाभर मजकुराला हात नाही.

---

अर्धविराम

त्या टंकनदोषांवर उतारा: टाकण्याआधी मजकूर वेगळ्या फॉन्टमध्ये, वेगळ्या रुंदीत, शक्यतो फोनवर वाचा. प्रकाशित झाल्याबरोबर चूक डोळ्यात खुपते ती मांडणी बदलल्यामुळे. तोच बदल आधी करून घ्यायचा.

---

सातवी_ओळ

आणि वेळ आधी ठरवा, "या आठवड्यात कधीतरी" नको. "गुरुवारी रात्री ९ वाजता मशीन उघडलं की आधी पोस्ट, मग बाकी" असं जर-तर वाक्य लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं यावर बरंच काम आहे. अशी ठरवलेली कृती नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडते. वेळ लावून आपोआप प्रकाशित करायची सोय असेल तर तीही वापरा.

---

चिकित्सक

वापरा, पण ८:५५ ला रद्द करायची सवय लागली तर तीही कुबड्यांच्या यादीत.

---

नवखी

उतरंड केली आहे, बघता का? कथा आहे, १,४०० शब्दांची.
१) स्वतः मोठ्याने वाचून मुद्रित करणे: १५
२) एका वाचकाला पाठवणे: ३५
३) तीन वाचकांना, अर्धविराम यांचे प्रश्न लावून: ४५
४) इथे स्वतःच्या नावाने पूर्ण कथा: ९०
भाकीत: लोकांना आवडणार नाही.

---

तिसरा_मसुदा

पहिली सोडून द्या, दुसरीपासून सुरू करा. तिसरी आणि चौथी यांच्यात ४५ ची दरी आहे, तिथेच अडकाल. मध्ये दोन पायऱ्या घाला: बंद गटात फक्त पहिले ३०० शब्द, मग त्याच गटात पूर्ण कथा. त्यांचे आकडे ५५ आणि ७० च्या आसपास यायला हवेत. जास्त आले तर तुकडा आणखी छोटा करा. एकाच पायरीवर दोनदा जायला हरकत नाही, पण दुसऱ्यांदा वेगळी कथा घ्या.

भाकीत पुन्हा लिहा. "आवडणार नाही" तपासता येत नाही. "रविवारी रात्री १० पर्यंत तीनपैकी दोघे तरी कथा अर्धवट सोडतील, खात्री ७० टक्के" हे तपासता येतं. तिघांनाही पाठवतानाच सांगून ठेवा, जिथे सोडली त्या ओळीवर खूण करा म्हणून.